नंबर पाच, शिंदखेडा

रत्नाक्का ज्याला काही देते, त्याच्याकडे कधीच बघत नाही.

ती भलतीकडेच बघत असते. खिडकीकडे, छताकडे, शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या टकलाकडे. आणि वस्तू मात्र बरोबर तुमच्या हातात येते. चहाचा कप येतो, फाईल येते, लोणच्याची बरणी येते. आमच्या कचेरीत नवीन माणूस रुजू झाला, की आम्ही त्याला आधी हजेरीचं मशीन दाखवायचो आणि मग सांगायचो, "रत्नाक्का आसपास असल्या तर हात रिकामे ठेवा."

माझा मुलगा सहा महिन्यांचा होता तेव्हाची गोष्ट. ती त्याला मांडीवर घेऊन बसली होती आणि माझ्या सासूबाईंना बाळाच्या मालिशीबद्दल चार गोष्टी सुनावत होती. बोलता बोलता तिला पाणी प्यायचं होतं. तिने सासूबाईंवरची नजर न हटवता बाळ उजवीकडे सोडलं. सासूबाई किंचाळल्या. मी उजवीकडे होते. बाळ माझ्या हातात आलं आणि खदाखदा हसायला लागलं. "त्याच्या आईचे हात वेळेवर असतात," रत्नाक्का म्हणाली, "म्हणून सोडलं." सासूबाईंनी त्यानंतर ती येणार म्हटलं, की बाळाला आतल्या खोलीत झोपवायला सुरुवात केली.

ही सवय बास्केटबॉलची. रत्नाक्का पॉइंट गार्ड होती. म्हणजे संघातली ती खेळाडू, जी चेंडू घेऊन येते आणि बाकीच्या चौघींनी कुठे जायचं, काय करायचं हे ठरवते. ती स्वतः फारसे गुण करत नाही. दुसरीला करायला लावते. ती जिच्याकडे बघेल तिच्याकडे चेंडू जाणार, हे समोरच्या संघाला कळलं की खेळ संपला. म्हणून बघायचं एकीकडे आणि द्यायचं दुसरीकडे. रत्नाक्काने हे वीस वर्षं केलं. आता तिची मान त्याच हिशेबाने फिरते, त्याला ती काय करणार?

उंची पाच फूट एक इंच. मी सहा फूट. वयाने मी तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, पण अक्का मीच तिला म्हणते. असं का, ते आमच्या पहिल्या भेटीत ठरलं.

जळगावला निवड चाचणी होती. मी जळगावचीच, घरून सायकलवर आले होते, आणि उंचीमुळे माझी निवड होणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, मी जरा जास्तच. तेवढ्यात एक बुटकी मुलगी मोठ्या भावाचे कॅनव्हासचे बूट घालून मैदानात आली. बुटांच्या टोकात चिंध्या कोंबलेल्या होत्या, हे ती धावायला लागली तेव्हा एक चिंधी बाहेर आली म्हणून कळलं. पहाटे शिंदखेड्याहून एसटीने निघालेली. एका निवड करणाऱ्या सरांनी तिला सांगितलं, "बाळ, खो-खोची चाचणी पलीकडे आहे."

"माले म्हाईत शे," ती म्हणाली. मग एकदम शुद्ध मराठीत, "मला पाच मिनिटं द्या सर. पाच मिनिटांनी मी स्वतः जाईन खो-खोकडे."

त्या पाच मिनिटांतलं दुसरं मिनिट मला आठवतं, कारण त्यानंतरची तीन मी नाकाला रुमाल लावून बसले होते. मी बास्केटखाली उभी होते. ती माझ्याकडे पाठ करून धावत होती. आणि कुठून तरी चेंडू आला आणि माझ्या नाकावर बसला. रक्त आलं. सगळे धावले. ती सगळ्यात शेवटी आली, कमरेवर हात ठेवून माझ्याकडे वर बघत म्हणाली, "तुना हात कोठे शेतस वं?"

तुझे हात कुठे आहेत! नाक माझं फुटलेलं आणि चूकही माझीच. मी म्हटलं, "अगं, तू बघत नव्हतीस माझ्याकडे!"

"मी बघितलं होतं. तू मोकळी होतीस. मोकळ्या माणसाने हात वर ठेवायचे असतात."

त्या क्षणापासून ती माझी अक्का झाली. तिची निवड झाली. माझीही झाली, पण रक्त थांबल्यावर.

तिच्या गावाकडे बास्केटबॉलचं मैदान कुठून येणार? शाळेत एक खेळाचे शिक्षक बदलीवर आले होते. त्यांनी लोहाराकडून एक कडी करून घेतली, फळीला ठोकली आणि फळी निंबाच्या खोडाला. खाली मुरूम. मुरमावर चेंडू आपटला की तो खड्याला लागून वाटेल तिकडे उडतो. पहिल्या महिन्यात बाकीच्या मुली कंटाळून गेल्या. ही राहिली. शाळा घरापासून तीन किलोमीटर. ती जाताना उजव्या हाताने चेंडू आपटत जायची, येताना डाव्या हाताने. वाटेत बैलगाडी आली तर गाडीला वळसा घालून, कुत्रं आलं तर कुत्र्याला चकवून. "बठ्ठा खान्देशना कुत्रा मना डिफेन्सले व्हतात," असं ती सांगते. खान्देशातली सगळी कुत्री तिच्या बचाव फळीत होती. पुढे सपाट लाकडी कोर्टवर खेळायला मिळालं तेव्हा तिला म्हणे चुकल्यासारखं झालं. चेंडू टाकू तिकडेच जातो, ह्यात काय गंमत!

चाचणीनंतर दोन वर्षांनी आम्हा दोघींना एका सरकारी खात्यात खेळाडू म्हणून नोकरी लागली. सकाळी सराव, दुपारी कचेरी, संध्याकाळी सराव. माझं घर जळगावातच, तरी सरावाच्या मैदानाजवळ एका खोलीत आम्ही सहा वर्षं राहिलो. रत्नाक्का एरवी कचेरीतली नेटकी मराठी बोलायची. पण राग आला, आनंद झाला किंवा चेंडू हातात आला, की थेट अहिराणी. आणि तिचा एकच प्रश्न असायचा, "मोकया कोन शे?" मोकळं कोण आहे? कोर्टवर ठीक आहे. पण ती एसटीत चढली तरी हेच. लेकुरवाळी बाई उभी आहे आणि मोकळं कोण बसलंय, हे तिला दारातूनच दिसायचं. लग्नाच्या पंगतीत ती जेवायला कधी बसलेली मी पाहिली नाही. मांडवाच्या मधोमध उभी राहून वाढप्यांना ओरडायची, "तो कोपरा देख! तठे कोनी नही जायेल!" एका लग्नात वधूपित्याने तिला आचाऱ्याकडची बाई समजून उद्यासाठीही बोलावलं. ती गेली.

मैदानावरच्या आमच्या चाली तिने ठरवल्या आणि त्यांना नावंही तिनेच दिली. 'भरीत' म्हणजे सगळ्यांनी मधे घुसायचं आणि ठेचाठेची करायची. 'बिबडे' म्हणजे गच्चीवर वाळत घातल्यासारखं कोर्टभर पसरायचं. 'बट्टी' म्हणजे समोरच्या बचावाचे दोन तुकडे करायचे. देशभरातले संघ इंग्रजीत आकडे ओरडायचे. आमची ही पाच फुटांची बाई एक हात वर करून ओरडायची, "बिबडे! बिबडे!" आणि आम्ही चौघी चार दिशांना पळायचो.

एकदा एका उत्तरेकडच्या संघाने आमची भाषा फोडायचं ठरवलं. स्टेडियमच्या कँटीनमध्ये एक धुळ्याकडचा माणूस कामाला होता. त्याला त्यांनी आपल्या बाकावर आणून बसवलं. पहिल्या दहा मिनिटांत त्याने इमानाने भाषांतर केलं. रत्नाक्का ओरडली, "भरीत!" त्यांच्या प्रशिक्षकांनी विचारलं, "क्या बोली?" तो म्हणाला, "बैंगन." मग ती ओरडली, "बिबडे!" तो म्हणाला, "पापड जैसा होता है, साब." प्रशिक्षकांना वाटलं, हा आपल्याला मेनू सांगतोय. मध्यंतरात त्यांनी त्याला परत पाठवलं. जाताना तो आमच्या बाकाजवळ थांबून म्हणाला, "ताई, भूक लागी गयी माले."

मधल्या काळात घरच्यांनी तिच्या लग्नाचं बघितलं. मुलगा शेतकी खात्यात होता, सभ्य होता. बघण्याच्या कार्यक्रमाला मी गेले होते. रत्नाक्का साडी नेसून चहाचा ट्रे घेऊन आली. मुलाच्या वडिलांना कप दिला, आईला दिला. तेवढ्यात मुलाने विचारलं, "लग्नानंतर खेळणं सोडाल ना?" तिने विचारलं, "तुम्ही नोकरी सोडाल?" आणि उत्तराची वाट बघत ती त्याच्या वडिलांकडे बघत राहिली, आणि कप मुलाकडे गेला. मुलाचे हात मांडीवर होते. चहाही मांडीवर गेला.

आत स्वयंपाकघरात जाऊन ती आईला जे बोलली, ते बाहेर सगळ्यांना ऐकू आलं. "ह्याले हातच नहीत, माय!"

त्यानंतर तिला कोणी बघायला आलं नाही. तिची आई काही वर्षं ह्या गोष्टीवर रडली, मग काही वर्षं हसली.

भारताच्या शिबिराला तिला तीनदा बोलावलं आणि तीनदा परत पाठवलं. दर वेळी कारण एकच, उंची. पहिल्यांदा ती गप्प आली. दुसऱ्यांदा आली ती आणि पहाटे चारला उठून दोरीवरच्या उड्या मारायला लागली. तिसऱ्यांदा निवड समितीतल्या एका बाईंनी चेष्टेत म्हटलं, "पुढच्या वेळी थोडी उंची घेऊन ये." रत्नाक्काने त्यांना सांगितलं, "मॅडम, उंच मुली तुमच्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्या हातात चेंडू कोण नेऊन देणार आहे, ते ठरलं की मला कळवा."

चौथ्या वेळी त्यांनी कळवलं. परदेशातल्या एका स्पर्धेत ती भारताचा शर्ट घालून चार मिनिटं खेळली. त्या चार मिनिटांची हकीकत ती तुम्हाला सांगायला लागली तर पाऊण तास लागतो. मी ती इतक्यांदा ऐकली आहे, की मधे ती पाणी प्यायला उठली तर पुढचं मी सांगते.

मग एक खासगी लीग निघाली. दिवे, संगीत, धूर. खेळाडूंना सांगितलं, शर्टाच्या पाठीवर आडनाव नको, टोपणनाव द्या, लोकांना आवडतं. कोणी 'क्वीन' दिलं, कोणी 'वाघीण'. रत्नाक्काने फॉर्मवर लिहिलं, 'शिंदखेडा'. पहिल्या सामन्याला निवेदक धुरातून ओरडला, "नंबर फाइव्ह, शिंड-खेऽऽडा!" जणू एखादं नवीन क्षेपणास्त्र सोडतायत. तिसऱ्या सामन्यापर्यंत त्या मोठ्या शहरातली पोरं ओरडायला लागली होती, "शिंडखेडा! शिंडखेडा!" इकडे तिच्या गावातली मंडळी मात्र रुसली. तिचं गाव शिंदखेड्यापासून आठ किलोमीटर, आणि नाव लांबलचक. सरपंच स्वतः तिला भेटायला आले. "अक्का, आपल्या गावाचं नाव का नाही टाकलं?"

"नाना, टाकलं असतं," ती म्हणाली, "पण माझी पाठ केवढी!"

त्याच लीगच्या दुसऱ्या हंगामात तिचा गुडघा गेला. कोणी धक्का दिला नाही, काही नाही. ती वळली आणि पाय वळला नाही. मी प्रेक्षकांत होते. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, "चालायला लागाल व्यवस्थित. खेळण्याचं आता डोक्यातून काढा."

"चालणं मी बघून घेईन," ती म्हणाली. "खेळणं कधी, ते सांगा."

डॉक्टरांनी सांगितलं नाही, म्हणून तिने स्वतः ठरवलं. दहा महिने. रोज सकाळी मेहरूण तलावाच्या कडेने ती चालायची. आधी कुबड्या घेऊन, मग एक कुबडी, मग माझा खांदा. माझा खांदा तिच्या कपाळाशी, त्यामुळे ती माझं कोपर धरायची. वेदना झाल्या की अहिराणीत मला शिव्या द्यायची. गुडघा तिचा, शिव्या मला. मी म्हणायचे, "थांबूया का?" ती म्हणायची, "थांबाले आपन बाकावर बठूत, तधळ देखू." थांबायचं ते बाकावर बसू तेव्हा बघू. दहा महिन्यांऐवजी चौदा लागले, पण ती परत आली.

परत आली तेव्हा तिच्या जागी पूनम खेळत होती. भडगावची, एकोणीस वर्षांची, वाऱ्यासारखी मुलगी. आमच्या प्रशिक्षकांनी, ते सडेतोड गृहस्थ होते, रत्नाक्काला सांगितलं, "तुम्ही संघात आहात. पण सुरुवात पूनम करेल. तुम्ही बाकावर." तिने मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून ती सरावाला सगळ्यांच्या अर्धा तास आधी यायला लागली. पूनमला ती काही शिकवत नव्हती, हे मुद्दाम सांगते, कारण पुढे लोकांनी भलतंच सांगितलं. तिला स्वतःची जागा परत हवी होती. ती मला म्हणाली होती, "मी अजून संपलेली नाही. मला एक मोठा सामना मिळू दे. दाखवते."

तो मिळाला. खात्याखात्यांच्या स्पर्धेचा अंतिम सामना. आम्हा दोघींनी ठरवलं होतं, हा आपला शेवटचा. माझं वय झालं होतं, पाठ दुखत होती, मुलगा चौथीत गेला होता. मला तो सामना जिंकून घरी जायचं होतं. आयुष्यात एकदाही आम्ही ती स्पर्धा जिंकलो नव्हतो.

शेवटचे नऊ सेकंद राहिले. आम्ही एका गुणाने मागे. चेंडू आमचा. पूनम आधीच्या दोन मिनिटांत दोनदा चेंडू हरवून बसली होती, तिचे ओठ पांढरे पडले होते. प्रशिक्षकांनी टाइमआउट घेतला आणि बाकाकडे वळून म्हणाले, "रत्ना, जा."

मला इतकं हायसं वाटलं, की मी तिला हसून दाखवलं. ह्याचसाठी तर चौदा महिने माझं कोपर झिजलं होतं.

रत्नाक्का उठली. तिने पूनमकडे बघितलं. मग प्रशिक्षकांना म्हणाली, "नको. तिलाच ठेवा. आता काढलं तर ती मोडेल."

"रत्ना, वेळ नाहीये."

"तिलाच ठेवा सर."

ती परत बसली. पूनमने चेंडू घेतला, उजवीकडून आली. मी बास्केटखाली पूर्ण मोकळी होते. दोन्ही हात वर. तिचा पास आला, पण अर्धा क्षण उशिरा. समोरच्या मुलीची बोटं लागली. चेंडू बाहेर गेला आणि भोंगा वाजला.

कपडे बदलायच्या खोलीत आल्यावर पूनम रत्नाक्काच्या गळ्यात पडून रडली. मी कोपऱ्यात बूट सोडत होते. सगळ्या गेल्यावर मी तिला म्हटलं, "तुला मोठेपणा मिळाला. आम्हाला हार मिळाली. अभिनंदन."

मला वाटलं ती उसळेल. वीस वर्षांत माझ्या एकाही वाक्याला तिने उत्तर दिलं नाही असं झालं नव्हतं. त्या दिवशी ती पिशवी उचलून निघून गेली.

पुढे जे झालं त्याने माझा राग आणखी वाढला. एका स्थानिक वर्तमानपत्राने मोठा मथळा दिला, 'खान्देशकन्येचा त्याग'. पूनम जिथे तिथे सांगायला लागली, "अक्कांनी माझ्यावर विश्वास ठेवला." आणि खरंच, त्या सामन्यानंतर ती अशी खेळायला लागली, की तिला तोड नव्हती. रत्नाक्काचे सत्कार सुरू झाले. शाल, नारळ, भाषणं. दोन सत्कार तिने घेतले. तिसऱ्यात, निवेदक 'त्यागाची मूर्ती' म्हणाला तेव्हा ती व्यासपीठावरून उतरली आणि चालत बाहेर गेली. लोक म्हणाले, किती विनम्र! पुढच्या महिन्यात तिने धुळ्याला बदली मागून घेतली. मला सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

आठ महिने आम्ही बोललो नाही. धुळे जळगावहून दोन-अडीच तासांवर, पण अंतर तेवढंच असतं असं नाही.

मे महिन्यात एका नातेवाइकाच्या साखरपुड्याला धुळ्याला गेले होते. कार्यक्रम अकरालाच आटोपला. ऊन असं, की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. मी रिक्षात बसले आणि एसटी स्टँडऐवजी तिचा पत्ता सांगितला. घराला कुलूप. शेजारच्या बाई म्हणाल्या, "त्या रविवारी पलीकडच्या शाळेच्या मैदानावर असतात. ह्या उन्हात! तुम्ही तरी सांगा."

मैदानाचं फाटक उघडं होतं. सिमेंटचं जुनं कोर्ट, जाळी नसलेलं बास्केट, मागे शाळेची भिंत. रत्नाक्का एकटी होती. डोक्याला ओला पंचा बांधलेला, गुडघ्याला पट्टा. कोर्टवर ठिकठिकाणी विटा ठेवलेल्या. तीन ठिकाणी एकेक वीट, आणि बास्केटखाली एकावर एक अशा दोन.

ती बाजूच्या रेषेवरून चेंडू घेऊन निघाली. उजवीकडे गेली, एका विटेला वळसा घातला, थांबली आणि बास्केटखालच्या त्या दोन विटांच्या डोक्यावरून चेंडू भिंतीवर फेकला. चेंडू आपटून परत आला. ती पुन्हा बाजूच्या रेषेवर गेली. पुन्हा तेच. तोंडाने आकडे मोजत होती. नऊ, आठ, सात.

मला कळायला थोडा वेळ लागला. मग कळलं. तो शेवटचा डाव होता. विटा म्हणजे आम्ही.

मी फाटकातून म्हटलं, "दोन विटांची ती कोण?"

ती दचकली नाही. घाम पुसून म्हणाली, "तू. एका विटेत मावत नव्हतीस."

मी आत गेले. सावली कुठेच नव्हती. ती चेंडूवर बसली, मी तिच्यासमोर उभी राहिले. मग ती जमिनीकडे बघत म्हणाली, "मी पूनमसाठी नाही बसले त्या दिवशी."

"म्हणजे?"

"सर म्हणाले 'जा', आणि मी उठले. आणि पुढे पाऊलच पडेना. गुडघा ठणठणीत होता. आतूनच काहीतरी. वाटलं, माझ्या हातून हा सामना गेला, तर वीस वर्षांचं बाकी काही कोणी आठवणार नाही. मग पूनमचं तोंड दिसलं आणि तोंडाला येईल ते बोलले." ती थांबली. "माले भ्याव वाटनं. बस. इतलंच शे."

'मला भीती वाटली. एवढंच.' ही बाई असं म्हणत होती, जिने कुत्र्यांना चकवून शाळा गाठली होती.

"आणि मग तो त्याग म्हणून छापून आला," ती म्हणाली. "पूनम पाया पडते माझ्या. काय सांगू तिला? तू म्हणालीस ना, मोठेपणा मिळाला म्हणून. तू एकटीच शिव्या देत होतीस, तर तुझ्याशीच बोलायची हिंमत झाली नाही."

आठ महिने मी एका गोष्टीचा राग धरला होता आणि ती घडलीच नव्हती. मी विचारलं, "पूनमला सांगणार आहेस?"

"सांगणार. पुढच्या महिन्यात ती धुळ्याला येणार आहे. तिला आठे आणीन आणि बठ्ठं सांगसू. पण आधी हे नऊ सेकंद मला जमले पाहिजेत. त्या दिवशी मी आत गेले असते तर काय झालं असतं, ते मला बघायचंय."

"विटांबरोबर?"

"मंग कोनासंगे?" ती म्हणाली, आणि लगेच दुसरीकडे बघायला लागली.

मी चपला काढल्या. सिमेंट तव्यासारखं तापलेलं होतं, म्हणून परत घातल्या. साखरपुड्याची जरीची साडी होती. पदर कमरेला खोचला, निऱ्या वर घेतल्या. बास्केटखाली जाऊन त्या दोन विटा उचलल्या आणि भिंतीशी नेऊन ठेवल्या. त्या जागी मी उभी राहिले. पाठ दुखत होती, बांगड्या वाजत होत्या.

रत्नाक्का बाजूच्या रेषेवर गेली. मी मोजायला सुरुवात केली, मोठ्याने. नऊ, आठ, सात. ती उजवीकडून आली, लंगडत थोडी, पण आली. पाचला तिने वीट ओलांडली. चारला चेंडू माझ्या हातात होता. मी वळून उडी मारली, जेवढी त्या साडीत मारता येते तेवढी. चेंडू कडीवर आपटला आणि बाहेर पडला.

मी तिच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर घाम होता की आणखी काही, ते त्या उन्हात कळत नव्हतं.

"सुटला गं," मी म्हटलं. "माझ्यामुळे हरलो असतो."

"व्हय," ती म्हणाली, आणि हसत सुटली. चेंडू आणायला ती भिंतीपर्यंत हसतच गेली.